कम्युनिकेशन पोर्टवरचा नॉइज आणि कॉमन मोड चोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, वागळे इस्टेटमध्ये आणि तळोज्याला पॅनेल बनवणारी, छोटी कंट्रोलर कार्डं डिझाइन करणारी आणि प्लँटचं मेंटेनन्स बघणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्या कामाचा प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा. पहिले तीन मात्र सगळ्यांनी वाचावेत, पुढचं बरंचसं त्यांच्यावर उभं आहे. चोक म्हणजे फेराइट कोअरवर तार गुंडाळलेला, नॉइजची वाट अडवणारा छोटा पार्ट; तो कसा चालतो ते दुसऱ्या प्रश्नात आहे.

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सुरू झाला की एनर्जी मीटर बोलायचे बंद होतात. चोक लावला की थांबेल?

थांबेलही. पण आधी नॉइज येतोय कुठून आणि परत जातोय कुठून ते पाहा.

४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधली डीसी बस ५८० व्होल्टच्या आसपास असते. आतले आयजीबीटी (वेगवान पॉवर स्विच) हा व्होल्टेज सेकंदाला काही हजार वेळा मोटर केबलवर चढवतात-उतरवतात, आणि प्रत्येक चढ-उतार शंभर नॅनोसेकंदांच्या आगेमागे उरकतो. केबल आणि अर्थ यांच्यात कपॅसिटन्स असतोच. त्यामुळे प्रत्येक एजला करंटचा एक टोकदार झटका अर्थमध्ये उतरतो, आणि त्याला फिरून ड्राइव्हकडेच यायचं असतं. येताना जी वाट सोपी मिळेल ती तो धरतो. मग ती केबल ट्रे असेल, पॅनेलची बॉडी असेल, पाण्याचा पाइप असेल किंवा तुमच्या आरएस-४८५ (दोन वायरांवरून डेटा नेणाऱ्या जोडणीच्या) केबलची शील्ड असेल. त्यातला जो हिस्सा मीटरच्या पोर्टमधून वाट काढतो, त्याने डेटाची फ्रेम बिघडते आणि पीएलसीवर (प्लँट चालवणाऱ्या कंट्रोलरवर) टाइमआउट येतो.

घोडबंदर रोडवरच्या टॉवर्सच्या पंप रूममध्ये हे चित्र ठरलेलं असतं. हायड्रोन्यूमॅटिक पंपांचं पॅनेल, आत तीन-चार ड्राइव्ह, आणि मोटर केबलच्याच ट्रेमधून बीएमएसकडे (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या सिस्टिमकडे) निघालेली मॉडबसची (आरएस-४८५ वरून मीटर-कंट्रोलर ज्या भाषेत बोलतात तिची) जोडी. शील्डची वेणी सोडून, पीळ देऊन, वीतभर शेपूट करून हिरव्या वायरला जोडलेली. अर्थ स्टडखालचा पावडर कोटिंगचा रंग खरवडलेलाच नाही, त्यामुळे स्टार वॉशरचे दात रंगातच रुतलेले. १५ सेंटिमीटरच्या त्या शेपटाचा इंडक्टन्स ढोबळमानाने १५० नॅनोहेन्री भरतो, म्हणजे १० मेगाहर्ट्झला साडेनऊ ओहमच्या आसपास. मल्टिमीटर त्याला शून्य दाखवतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

अशा ठिकाणी नुसता चोक लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. चोक एक वाट अवघड करतो, तो करंट नाहीसा करत नाही. त्याला दुसरी सोपी वाट दिली नाही, तर तो शेजारच्या पोर्टमधून जाईल. मोटर केबल शील्डेड घेऊन तिची शील्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने पूर्ण गोलाईत पकडा, मॉडबसची केबल वेगळ्या ट्रेमध्ये घ्या, रंग खरवडा. एवढं करूनही एरर येत असतील तर चोकची पाळी.

कॉमन मोड म्हणजे नेमकं काय, आणि चोकला तो कसा ओळखू येतो?

ए आणि बी या दोन वायरांमधून सिग्नलचा करंट एकीतून जातो आणि दुसरीतून परत येतो. हा डिफरेन्शियल मोड. नॉइजचा करंट मात्र दोन्ही वायरांमधून एकाच दिशेने जातो आणि अर्थमधून परत येतो. हा कॉमन मोड.

चोकमध्ये दोन वाइंडिंग एकाच फेराइट कोअरवर असतात. सिग्नलच्या करंटने तयार होणारे दोन फ्लक्स एकमेकांना खोडून काढतात, म्हणून सिग्नलला कोअर जवळपास दिसतच नाही. नॉइजच्या करंटचे फ्लक्स मात्र एकमेकांत मिळतात आणि त्याला पूर्ण इम्पीडन्स भेटतो. ‘जवळपास’ म्हणण्याचं कारण असं की दोन वाइंडिंग कधीच शंभर टक्के एकरूप नसतात. जो फरक उरतो त्याला लीकेज इंडक्टन्स म्हणतात आणि तो सिग्नलच्या वाटेत बसतो.

डेटाशीटमध्ये मायक्रोहेन्री बघायचे की ओहम?

ओहम, आणि तेही इम्पीडन्स विरुद्ध फ्रिक्वेन्सीच्या वक्रावरून. मायक्रोहेन्रीचा आकडा बहुतेक वेळा १०० किलोहर्ट्झला मोजलेला असतो आणि तुमचा नॉइज तिथे क्वचितच असतो.

५१ मायक्रोहेन्रीचा चोक घ्या. ५० हर्ट्झला त्याचा इम्पीडन्स ०.०१६ ओहम, १० किलोहर्ट्झला ३.२ ओहम, १ मेगाहर्ट्झला ३२० ओहम. कागदावर १० मेगाहर्ट्झला ३२०० ओहम यायला हवेत, पण तिथे दोन गोष्टी आडव्या येतात. फेराइटची पर्मिएबिलिटी फ्रिक्वेन्सीबरोबर घसरते, आणि वेटोळ्यांमधला कपॅसिटन्स जागा होतो. म्हणून वक्र वर चढतो, एका टोकाला पोचतो आणि मग उतरतो. त्या टोकाच्या पलीकडे चोक इंडक्टर राहत नाही, कपॅसिटरसारखा वागू लागतो. नॉइजची फ्रिक्वेन्सी उतारावर पडत असेल, तर जास्त मायक्रोहेन्रीचा चोक कमी मायक्रोहेन्रीच्या चोकपेक्षा वाईट ठरू शकतो. जास्त वेटोळी घेतली की कपॅसिटन्सही जास्त येतो, साधं आहे.

फेराइटची जातही इथे कळते. मँगनीज-झिंकची पर्मिएबिलिटी पाच-दहा हजारांत असते, ते काही मेगाहर्ट्झपर्यंत दमदार काम करतं. निकेल-झिंकची पर्मिएबिलिटी शेकड्यांत असते, पण ते शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत टिकतं. ड्राइव्हच्या एजसाठी पहिलं, प्रोसेसरच्या क्लॉकचे हार्मोनिक्स बाहेर पडत असतील तर दुसरं. एकाच चोककडून दोन्ही कामांची अपेक्षा धरू नका.

आता किती ओहम पुरतील? चोकचा परिणाम आजूबाजूच्या इम्पीडन्सवर ठरतो. कंडक्टेड आरएफच्या चाचणीत (केबलवर मुद्दाम रेडिओ फ्रिक्वेन्सीचा नॉइज सोडून पाहतात) केबलचा कॉमन मोड इम्पीडन्स १५० ओहम धरतात. दोन्ही बाजू १५०-१५०, म्हणजे वाटेत ३०० ओहम आधीच आहेत. त्यात ९० ओहमचा चोक टाकला तर करंट ३९० भागिले ३०० या प्रमाणात, म्हणजे सुमारे २.३ डेसिबलनेच उतरतो. १००० ओहमचा टाकला तर १२.७ डेसिबल. म्हणून ‘१०० मेगाहर्ट्झला ९० ओहम’ असा चोक लावून ड्राइव्हच्या नॉइजमध्ये काही फरक पडला नाही, ही तक्रार ऐकून आश्चर्य वाटत नाही. दोन-चार मेगाहर्ट्झला तो चोक काही ओहमांचाच असतो.

९६०० किंवा १९२०० बॉडच्या मॉडबसला किती मायक्रोहेन्री घ्यावेत?

इथे मोकळीक भरपूर आहे. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो, त्यात लीकेज इंडक्टन्सने खाल्लेले दहा-वीस नॅनोसेकंद कोणाच्या खिजगणतीत नाहीत. १०० मायक्रोहेन्रीपासून अगदी १ मिलिहेन्रीपर्यंतचा सिग्नल लाइन चोक चालतो, आणि ड्राइव्हच्या शेजारी बसणाऱ्या कार्डाला वरच्या टोकाकडचा घेतलेला बरा. डीसी रेझिस्टन्स मात्र पाहा. एक-दोन ओहम चालतील. दहा-बारा ओहमचा चोक प्रत्येक नोडला (बसवरच्या प्रत्येक उपकरणाला) बसवला तर लांब बसवर सिग्नल उगाच झिजतो. आरएस-४८५ चा ड्रायव्हर ५४ ओहम लोडवर किमान दीड व्होल्ट देतो आणि रिसीव्हरला २०० मिलिव्होल्ट लागतात. दोन्हींमधलं अंतर ही तुमची शिल्लक, ती नॉइजसाठी राखून ठेवा.

आणि चोक शोधायला निघण्याआधी टर्मिनेशन (बसच्या टोकांना ए-बीमध्ये लावलेले रेझिस्टर) मोजा. पुरवठा बंद करून ए आणि बीमध्ये ६० ओहमच्या आसपास यायला हवं, म्हणजे दोन्ही टोकांना १२०-१२०. चाळीस आलं तर मधल्या कुठल्या तरी मीटरचा जंपर लावलेला राहिला आहे. नॉइजची म्हणून आलेली बरीच प्रकरणं या एका मापात मिटतात.

प्रोफिबस डीपी (पीएलसीची वेगवान डेटा बस) १२ मेगाबिटवर आहे. तोच चोक चालेल का?

नाही. १२ मेगाबिटला एक बिट ८३ नॅनोसेकंदांचा. समजा एखाद्या सेक्शनल वाइंडिंगच्या (दोन्ही वाइंडिंग कोअरच्या वेगवेगळ्या भागांवर असलेल्या) चोकचा लीकेज इंडक्टन्स १० मायक्रोहेन्री आहे. १२० ओहमशी त्याचा टाइम कॉन्स्टंट काढला तर तोही ८३ नॅनोसेकंद येतो. म्हणजे अख्खा बिट चोकच गिळतो. इथे बायफिलर वाइंडिंगचाच चोक हवा, ज्यात दोन्ही तारा जोडीने गुंडाळलेल्या असतात आणि लीकेज शेकडो नॅनोहेन्रीच्या आत राहतो. शिवाय दीड मेगाबिटच्या वर चालणाऱ्या प्रोफिबस कनेक्टरमध्ये ११० नॅनोहेन्रीचे छोटे इंडक्टर आधीच बसवलेले असतात. ती मांडणी बिघडवू नका. केबल १५० ओहमची जांभळी, टर्मिनेशन ३९०-२२०-३९०. यात तडजोड करून चोकने भरपाई होत नाही.

कॅन आणि कॅन एफडीला काय?

कॅन ही दोन वायरांची डेटा बस, कॅन एफडी तिची जास्त वेगाची आवृत्ती. रूढ आकडे असे: क्लासिक कॅनला ५१ किंवा १०० मायक्रोहेन्री, कॅन एफडीला १०० मायक्रोहेन्री, दोन्हीकडे बायफिलर. टीडीके, म्युराटा, वुर्थ, बॉर्न्स या सगळ्यांकडे साडेचार बाय सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या आकारात हे मिळतात. टर्मिनेशन १२० ओहमच्या ऐवजी ६०-६० असं दुभागून मधून ४.७ नॅनोफॅरडने ग्राउंडला नेलं, तर चोकने अडवलेल्या करंटला ती दुसरी वाट मिळते. चोक आणि दुभागलेलं टर्मिनेशन ही जोडी एकत्रच वापरावी, असं माझं मत.

कॅनच्या बाबतीत एक धोका मात्र नीट समजून घ्यायला हवा. इंडस्ट्रियल पॅनेलमध्ये २४ व्होल्ट सगळीकडे असतो आणि कॅनची वायर चुकून त्याला टेकणं ही नवलाची गोष्ट नाही. टेकली की चोकच्या एका वाइंडिंगमधून मोठा करंट वाहू लागतो. दुसरीत तेवढा परतीचा करंट नसल्यामुळे कोअरमध्ये ऊर्जा साठते. वायर सुटली, किंवा टेकता-सुटता ठिणगी पडली, की ती ऊर्जा व्होल्टेजच्या झटक्याच्या रूपाने ट्रान्सिव्हरच्या (बसवर सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपच्या) पिनांवर येते. २४ व्होल्टच्या शॉर्टला तगणारा ट्रान्सिव्हर चोकने दिलेल्या या झटक्याने मरतो. कनेक्टरकडे टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका गिळणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो चोकच्या पलीकडे आहे, त्याला हा झटका दिसतच नाही. चोक आणि ट्रान्सिव्हरच्या मध्ये दुसरा, कमी कपॅसिटन्सचा टीव्हीएस द्या. हल्लीचे काही ट्रान्सिव्हर चोकशिवायही एमिशनच्या मर्यादेत बसतात. तसा मिळत असेल आणि नॉइजची तक्रार नसेल, तर चोकची जागा बोर्डवर ठेवून सध्या शून्य ओहमचे दोन रेझिस्टर बसवणं शहाणपणाचं.

प्रोफिनेट किंवा इथरकॅटच्या पोर्टला वेगळा चोक लागतो का?

सहसा नाही. इथरनेटच्या मॅग्नेटिक्समध्ये ट्रान्सफॉर्मरबरोबर कॉमन मोड चोक असतोच. त्रास असेल तर आधी जॅकची धातूची बॉडी चासीला नीट टेकते का ते बघा, मग केबलवर क्लिपचा फेराइट चढवून पाहा.

यूएसबी?

हाय-स्पीड यूएसबीला ९० ओहम डिफरेन्शियल इम्पीडन्सचा, त्याच कामासाठी बनवलेलाच चोक घ्या. कॅनचा चोक तिथे लावला तर ४८० मेगाबिटचा आय डायग्राम (बिट स्वच्छ वाचता येतात का हे दाखवणारं स्कोपवरचं चित्र) मिटतो. एचएमआयच्या (ऑपरेटरच्या स्क्रीनच्या) प्रोग्रॅमिंग पोर्टला आखूड, चांगल्या शील्डची केबल हाच निम्मा इलाज आहे.

अजूनही आमच्याकडे आरएस-२३२ वर वजनकाटे आहेत. त्यांचं काय?

तिथे जोडी नसतेच, सगळं ग्राउंडच्या हिशेबाने चालतं. म्हणून टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड या तिन्ही वायरा एकाच कोअरमधून गेल्या पाहिजेत. पूर्ण केबल फेराइटच्या कोअरमधून दोन-तीन वेळा फिरवा. केबल १५ मीटरच्या पुढे गेली असेल तर आरएस-४८५ कन्व्हर्टर लावून प्रश्न कायमचा मिटवा.

दोन इमारतींमध्ये अर्थचा फरक आहे. चोकने तो जाईल?

नाही. वर आलेलं माप पुन्हा पाहा, ५० हर्ट्झला ०.०१६ ओहम. चोक तिथे साध्या तारेसारखा आहे. आरएस-४८५ ची कॉमन मोड मर्यादा उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट. महाप्याच्या एका शेडमधून रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये केबल नेली, तर अर्थच्या दोषाच्या वेळी हा फरक त्याच्या कितीतरी वर जातो. तिथे आयसोलेशन किंवा फायबर, तिसरा पर्याय नाही.

मग पोर्ट आयसोलेटेड असेल तर चोक कशाला?

कारण आयसोलेशनही पूर्ण तुटक नसतं. आयसोलेटर आणि आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर मिळून काही पिकोफॅरडपासून काही दहा पिकोफॅरडपर्यंत कपॅसिटन्स बॅरियरच्या दोन बाजूंना जोडून ठेवतो. ५० हर्ट्झला ते नगण्य. पण फास्ट ट्रान्झिएंटच्या चाचणीतला पल्स ५ नॅनोसेकंदांत चढतो, त्याला हा कपॅसिटन्स म्हणजे उघडं दार. आयसोलेशन खालच्या फ्रिक्वेन्सी अडवतं, चोक वरच्या. दोघांची कामं वेगळी आहेत.

उलट दिशेचा त्रासही असतो. डीसी-डीसी कन्व्हर्टरचा स्विचिंग नॉइज त्याच कपॅसिटन्समधून आयसोलेटेड बाजूला जातो आणि लांब केबल त्याचा अँटेना होते. चोक बसच्या बाजूला लावा, आणि आयसोलेटेड ग्राउंडपासून चासीपर्यंत एक ते ४.७ नॅनोफॅरडचा, योग्य व्होल्टेज रेटिंगचा कपॅसिटर द्या.

चोक लावल्यावर एरर कमी व्हायच्या ऐवजी वाढले. असं होऊ शकतं?

होतं, आणि बहुतेक वेळा दोष तिसऱ्या वायरचा असतो. आरएस-४८५ दोन वायरींचं म्हणून ओळखलं जातं, पण व्यवस्थित वायरिंगमध्ये ए, बी आणि कॉमन (ग्राउंडची वायर) अशा तीन असतात. समजा चोक फक्त ए आणि बीवर आहे आणि कॉमन थेट बोर्डच्या ग्राउंडला. केबलवर नॉइज आला की तिन्ही वायरा एकत्र वर उचलल्या जातात. चोक नसताना ए, बी आणि बोर्डचं ग्राउंड तिघंही एकदम वर जात होते, रिसीव्हरला फरक जाणवत नव्हता. आता कॉमन लगेच वर जातो आणि चोकमुळे ए-बी मागे राहतात. तेवढा काळ रिसीव्हरच्या पिनांवर आणि त्याच्या स्वतःच्या ग्राउंडमध्ये मोठा फरक पडतो. म्हणजे नसलेला कॉमन मोड व्होल्टेज आपण चोक लावून तयार केला.

उपाय तीन. तीन वाइंडिंगचा चोक घ्या आणि कॉमनही त्यातूनच न्या. ते शक्य नसेल तर कॉमनच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर टाका. आरएस-४८५ मध्ये ही जुनी, मान्य पद्धत आहे. तेही नको असेल तर बोर्डवरचा चोक काढून पूर्ण केबलच फेराइटमधून न्या, तिथे कोणतीही वायर मागे राहत नाही.

दुसरं कारण रेझोनन्स. चोकच्या मागे, ट्रान्सिव्हरच्या बाजूला, प्रत्येक लाइनवर १०० पिकोफॅरडचा टीव्हीएस किंवा कपॅसिटर असेल तर कॉमन मोडला मिळून २०० पिकोफॅरड. ५१ मायक्रोहेन्रीबरोबर ते १.६ मेगाहर्ट्झच्या आसपास सूर धरतं. कंडक्टेड आरएफची चाचणी १५० किलोहर्ट्झपासून ८० मेगाहर्ट्झपर्यंत चालते, तेव्हा ती फ्रिक्वेन्सी आली की तिथेच पोर्ट कोलमडतो, बाकी सगळीकडे ठणठणीत. लॅबमध्ये एकाच टोकदार फ्रिक्वेन्सीला फेल झालात तर हाच संशय घ्या. जास्त लॉसी फेराइटचा चोक घ्या किंवा कपॅसिटन्स बदला.

चोक आधी की टीव्हीएस आधी?

सर्ज कनेक्टरमधून येतो, म्हणून मोठा टीव्हीएस कनेक्टरला लागून आणि त्याची पाठ चासीला, आखूड वाटेने. मग चोक, मग छोटा टीव्हीएस, मग ट्रान्सिव्हर. दुसरा टीव्हीएस का, ते कॅनच्या उत्तरात आलंच आहे.

वायरिंग झालेल्या पॅनेलमध्ये क्लिपचा फेराइट चालेल का?

चालतो, आणि तपासणीसाठी त्यासारखं स्वस्त साधन नाही. केबल एकदा आत गेली म्हणजे एक वेटोळं. तीच दोनदा फिरवली तर इम्पीडन्स चौपट, तीनदा फिरवली तर नऊपट. वेटोळ्यांमधला कपॅसिटन्स आडवा येईपर्यंत हा हिशेब खरा. त्यामुळे मोठ्या भोकाचा फेराइट घेऊन तीन वेढे देणं हे तीन फेराइट ओळीने लावण्यापेक्षा बरंच फायद्याचं. पॅनेलमध्ये केबल शिरते तिथेच लावा. दोन अर्ध्या भागांची तोंडं एकमेकांना घट्ट भिडली पाहिजेत. मध्ये टायचा तुकडा किंवा धूळ अडकली की एअर गॅपने निम्मं बळ जातं.

ए एका बीडमधून आणि बी दुसऱ्यातून नेला तर?

मग तो कॉमन मोड चोक राहिला नाही. सिग्नलच अडेल.

पॉवर सप्लायच्या ईएमआय फिल्टरमधला १० मिलिहेन्रीचा चोक पडून आहे, तो वापरू?

नको. त्याच्या वाइंडिंग मुद्दाम दूर ठेवलेल्या असतात, लीकेज भरपूर. पॉवरसाठी ते हवंच असतं, डेटाला मारक.

बोर्डवर चोक बसवताना काय जपायचं?

चोकखालच्या सगळ्या थरांमधून कॉपर काढून टाका. खाली ग्राउंड प्लेन ठेवला तर नॉइज चोकच्या एका बाजूने प्लेनवर आणि प्लेनवरून दुसऱ्या बाजूला उडी मारतो. पैसे चोकचे आणि काम कपॅसिटरचं. त्याच कारणाने अडवलेल्या आणि न अडवलेल्या बाजूचे ट्रॅक शेजारून नेऊ नका. चोक कनेक्टरजवळ ठेवा. तो ट्रान्सिव्हरजवळ असेल तर मधल्या ट्रॅकवर बोर्डचा बाकीचा नॉइज पुन्हा चढतो.

पर्यायी पार्ट घेताना पिनआउट पाहाच. काही कंपन्यांची वाइंडिंग १ ते ४ आणि २ ते ३ अशी असते, काहींची १ ते २ आणि ३ ते ४. फूटप्रिंट तोच दिसतो. एक वाइंडिंग उलटी लागली तर डिफरेन्शियल वाटेत इंडक्टन्स चौपट होतो, ५१ चे २०४ मायक्रोहेन्री. ९६०० बॉडला कदाचित हे लक्षातही येणार नाही, बॉड रेट वाढवला की पोर्ट मुका होतो.

पॅनेलमध्ये उन्हाळ्यात खूप तापतं. चोकला त्रास होतो?

सिग्नल चोक स्वतः फारसा तापत नाही. पण जास्त पर्मिएबिलिटीच्या मँगनीज-झिंक फेराइटचा क्यूरी बिंदू १२०-१३० अंशांच्या आसपास असू शकतो, आणि त्याच्या वर कोअर म्हणजे निव्वळ दगड. ब्रेकिंग रेझिस्टरच्या किंवा पॉवर रेझिस्टरच्या शेजारी चोक ठेवू नका. आपल्या पट्ट्यात खरा त्रास गंजाचा आहे. खाडीची हवा आणि वर केमिकल कंपन्यांची वाफ. एका पावसाळ्यात शील्ड क्लॅम्प आणि अर्थ बाँडवर हिरवा-पांढरा थर चढतो, आणि मागच्या वर्षी सुरळीत चालणारं कम्युनिकेशन ऑगस्टमध्ये अडखळायला लागतं. तेव्हा चोक बदलायला धावू नका, क्लॅम्प उघडून घासा.

चोकचा उपयोग होतोय हे मोजायचं कसं?

महागडा करंट प्रोब नसेल तर क्लिपच्या फेराइटवर पातळ वायरचे चार-पाच वेढे घ्या, टोकांना ५० ओहमचा रेझिस्टर लावा आणि कोअॅक्सने स्कोपला न्या. हा फेराइट पूर्ण कम्युनिकेशन केबलवर चढवून ड्राइव्ह बंद-चालू करा, चोकसह आणि चोकशिवाय पाहा. आकडा अचूक नसेल, पण फरक स्वच्छ दिसतो. सिग्नलची जोडी प्रोबमधून एकत्र जात असल्यामुळे डेटा दिसत नाही, फक्त कॉमन मोड दिसतो. स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप मात्र पोर्टच्या कॉमनला लावू नका. त्याने अर्थची नवीच वाट तयार होते आणि तुम्ही आपणच केलेला नॉइज मोजत बसता.

याच्या जोडीला पीएलसीमधला सीआरसी एररचा (बिघडलेल्या फ्रेमचा) काउंटर नोंदवा. एका शिफ्टचा आधी, एका शिफ्टचा नंतर. ग्राहकाला तोच पटतो.

लॅब टेस्टला जायच्या आधी काय तयारी ठेवू?

इंडस्ट्रियल इम्युनिटीसाठी बहुधा आयईसी ६१०००-६-२ लागू होतं. त्यात पोर्टला छळणाऱ्या चाचण्या मुख्यतः तीन: ६१०००-४-४ फास्ट ट्रान्झिएंट, ६१०००-४-५ सर्ज आणि ६१०००-४-६ कंडक्टेड आरएफ. पहिल्या आणि तिसऱ्या चाचणीत चोकचा उपयोग होतो. सर्जच्या चाचणीत चोक फारसा कामाचा नाही, तिथे टीव्हीएस आणि त्याची अर्थची वाट. नवी मुंबईत खारघरला समीर या सरकारी संस्थेत ईएमसी चाचणी होते, खासगी लॅबही आहेत. तासांवर पैसे मोजत असताना सोल्डरिंग आयर्न नेलंच नाही असं करू नका. एकाच फूटप्रिंटचे, वेगवेगळ्या मायक्रोहेन्रीचे दोन-तीन चोक, शून्य ओहमचे रेझिस्टर, काही क्लिपचे फेराइट आणि कॉपर टेप एका डब्यात भरून न्या. बाहेरची केबल नेहमीच्या लांबीची आणि नेहमीच्या जातीची असू द्या. लॅबच्या टेबलावर मिळालेल्या दीड मीटर वायरीवर पास झालेला पोर्ट साइटवरच्या ८० मीटर केबलबद्दल काही सांगत नाही.

लॅमिंग्टन रोडवर बिननावाचा चोक निम्म्या किमतीत मिळतो. घ्यावा का?

प्रोटोटाइपला घ्यायला हरकत नाही, पण एलसीआर मीटरवर दोन मापं घ्या. दोन्ही वाइंडिंगची सुरुवातीची टोकं एकत्र, शेवटची टोकं एकत्र, आणि त्या दोघांमध्ये मोजा: हा कॉमन मोड इंडक्टन्स, तो छापील आकड्याच्या जवळ हवा. मग एका बाजूची दोन टोकं शॉर्ट करून दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांमध्ये मोजा: हा लीकेज. बायफिलर म्हणून विकलेल्या चोकचा लीकेज काही मायक्रोहेन्री आला, तर तो बायफिलर नाही. मीटर दोन्ही वेळा १०० किलोहर्ट्झवर ठेवा. आणि ज्या चोकचा इम्पीडन्सचा वक्र कोणीच देऊ शकत नाही, तो प्रॉडक्शनच्या बिलात घालू नका. पुढची खेप त्याच कोअरची येईल याची हमी दुकानदारही देत नाही.

बसवर वीस नोड आहेत. सगळ्यांना चोक लावायचा?

नॉइज ज्यांच्याजवळ आहे त्यांना आधी: ड्राइव्ह, सॉफ्ट स्टार्टर, वेल्डिंग मशीन यांच्या पॅनेलमधले नोड. मग मास्टर. उरलेल्यांचा एरर काउंटर शांत असेल तर त्यांना हात लावायचं कारण नाही.